शेरा : नळी मळकी

आचारसंहिता उठली तशी
किनवटच्या ठाण्यातून रायफल सोडवून आणली.
पावणेतीन महिने मालखान्यात उभी होती,
जप्तीचं सागवान, मटक्याच्या चिठ्ठ्या
आणि एका बेवारस लूनाच्या शेजारी.
मुन्शी गायसमुद्रे भला माणूस.
म्हणाला, ताई, गंज चढू दिला नाही बघा,
घरच्या शिलाई मशीनचं तेल घालायलो दर पंधरवड्याला.
नळीतून आभाळाकडं पाहिलं :
आतले आटे लखलखीत, वळत वळत उजेडात गेलेले.
मला बरंच वाटलं तेव्हा.

त्याच रात्री मक्यात डुकरं.
वनखात्याचा कागद खिशात, मुदतीचे चार दिवस उरलेले.
लेतू आत्रामनं बॅटरी धरली.
ऐंशी पावलं. एक सुळा चमकला.
खांद्यामागं नेम, श्वास अर्धा सोडलेला,
बाबांनी शिकवलं तसं सगळं.
गोळी चार बोटं वर गेली.

चार बोटं म्हणजे किती
ते आम्ही पहाटेपर्यंत चालून मोजलं,
पळसाच्या पडल्या पानांवर,
नाल्याच्या गाळात,
एका ठिकाणी तो बसला होता, तिथं.
लेतू काही बोलला नाही.
बोलला असता तर चाललं असतं.
उजाडताना घाणेरीच्या जाळीत दुसरी गोळी.
ती नेम होता तिथंच लागली.
तिच्या सरळपणाचा मला राग आला.

नांदेडला निहालसिंघ मिस्त्रीकडं गेले.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
नळीच्या तोंडात करंगळी फिरवून त्यानं वास घेतला.
बेटी, शिलाई मशीन?
तेलावरून गोळी जाते ना,
ओल्या फरशीवर पाहुणा चालतो तशी जाते.
एक गेली की धूर बसतो, तांबं बसतं,
मग मागच्यांना घर ओळखीचं होतं.

म्हटलं, मग पुसूच नको?
पुस की! पावसाळ्यात घाण ठेवलीस
तर नळी आतून खाल्ली जाईल.
पण नंतर कोरडी चिंधी ओढ,
कोरडीच बाहेर येईस्तोवर ओढ.
आणि रानात निघायच्या आधी एक बांधाला दे.
जनावराला पहिली देऊ नको.
पहिली मातीची.

वर्षाला पंचवीस काडतुसं मिळतात.
त्यातली दहा मी बिस्किटाच्या पुठ्ठ्याला दिली.
रोज पहाटे एकच, नळी थंड असताना,
पाच दिवस तेल लावून, पाच दिवस न पुसता.
प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीनं तारीख.
तेलाची पाच भोकं पाच गावांची :
एक चार बोटं वर, एक उजवीकडं,
सोमवारचं तर पुठ्ठ्यावरच नाही.
मळकी पाच जर्द्याच्या डबीखाली झाकली.

आई म्हणाली,
असली काळवंडलेली बंदूक
तुझ्या बापानं दसऱ्याला पाटावर ठेवली नसती.
खरंय. बाबांची नळी आरशासारखी असायची.
आणि चुकलेल्या पहिल्या गोळीला
ते 'अंदाजाची' म्हणायचे.
लहानपणी मला तो त्यांचा मोठेपणा वाटे.
आता रात्री कधी जाग आली
तर किती अंदाज
माहूरच्या डोंगराकडं लंगडत गेले असतील
ते मोजत पडते,
आणि लेतूचा बाप बॅटरी धरून
असाच गप्प चालत असणार.

पुन्हा निवडणूक लागली. झेडपीची.
रायफल घेऊन ठाण्यात गेले.
गायसमुद्रेला म्हटलं, यावेळी तेल नको.
तो जरा दुखावला.
मग म्हणाला, तसा अर्ज द्या लेखी.
दिला. त्यानं रजिस्टर उघडलं,
तीनशे पंधरा, एक नग, पट्टा चामडी,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
डोकं खाजवून, सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं :
नळी मळकी. मालकिणीच्या इच्छेवरून.

मी खाली सही केली.