दोन दारांची

कॅम्पातल्या एका मेजरची ही गाडी.
बदली झाली, बिल राहिलं, मग तोच म्हणाला, ठेव तुलाच.
अकरा महिने उद्यमबागेत शेडखाली तिचं इंजिन उघडं,
पिस्टन मीच घासले, लाल रंग मीच मारला,
आणि मागं जे दोन खळगे होते
त्यांवर नवं रेक्झिन चढवताना हसलो होतो:
इथं कोण बसणार?
बसलीच तर हेल्मेटं बसतील, नाहीतर कुंद्याचा डबा.

आज आप्पा बसलेत.

निपाणीला अक्काच्या नातवाचं बारसं,
ठरवलेली व्हॅन ऐनवेळी बंद (तीही माझ्याच गॅरेजात).
पुढं शेजारची गंगव्वा, गुडघ्यात पाणी झालेली,
मांडीवर मांड्यांची टोपली.
तिला पुढं बसवायलाच हवं होतं, हे खरं.
पण ती यायच्या आधीच आप्पा म्हणाले होते,
"मी मागंच बसतो."
माझ्या शेजारी नको होतं त्यांना.
मला कळलं, नंतर गंगव्वालाही कळलं,
ती "हूं" म्हणाली,
तिच्या कानडीत आणि आमच्या मराठीत ते सारखंच असतं.

सहा फूट माणूस.
आधी डोकं घातलं, मग ते काढून पाय घातला,
मग "थांब" म्हणाले, मला नाही, स्वतःलाच.
शेवटी गुडघे हनुवटीशी, मान छताखाली मोडलेली,
दोघांच्या जागेत एकटे, आडवे,
बगलेत बाळाचं अंगडं-टोपडं, पेपरात बांधलेलं.

मी माझी सीट पुढं ओढली. चार खाचा. अजून एक.
स्टिअरिंग छातीला लागलं.

काकती गेलं. होनगा गेला.
हत्तरगीच्या नाक्यावरचा पोरगा वाकून विचारतो,
"एष्ट मंदि अदीरि?"
गंगव्वा तीन बोटं दाखवते.
पोरगा पुन्हा मागं बघतो,
घडी घातलेला माणूस त्याला मोजता येत नाही.

त्यांचा गुडघा माझ्या पाठीत.
सीटच्या कातड्यातून, स्पंजातून,
बरोबर दोन मणक्यांच्या मध्ये.
ब्रेक मारला की रुततो, गिअर टाकला की मागं सरतो.
माग सोडून मी पाने धरले त्या दिवसापासून
आमच्यात याहून जास्त बोलणं झालेलं नाही.

वडगावच्या घरात खड्डामाग होता.
पहाटेपासून आप्पा कमरेपर्यंत जमिनीत,
पाय खाली पावड्यांवर, वर धोटा जाऊन-येऊन.
आम्ही पोरं धावत आत यायचो
तेव्हा त्यांचं डोकं आमच्या छातीएवढं.
ते उंच आहेत हे मला शाळेच्या दारात कळलं,
नाव घालायला आले तेव्हा.
पुढं तो खड्डा बुजवला, वर पॉवरलूम बसला, मग तोही विकला.
बुजवायची माती मी आणली होती.
बावीस पाट्या.

संकेश्वरजवळ गंगव्वा मागं न वळता विचारते,
"आप्पा, अडचण होतीय काय हो?"
बराच वेळ काहीच नाही.
मग छताखालनं,
"चाळीस वर्सं खड्ड्यात बसलो की.
तिथं पाय तरी सुटायचे."

आरशात एक टोपी आणि अर्धी भुवई.
हसले की काय, एवढ्यावरून कळत नाही.
मी खालचा दांडा पुन्हा ओढून बघतो,
सीट आता पुढं जात नाही.

तवंदी घाटात डोळा लागला असावा.
गुडघा सैल पडला, पाठ मोकळी झाली,
तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखं.
पुढं वळण नव्हतं, तरी ब्रेकवर पाय ठेवला. हळूच.
आला परत.

निपाणीत उतरताना त्यांनी दोन्ही हात पुढं केले.
अडकलेलं बेअरिंग काढतात तसं काढलं,
ओढायचं नाही, हलवत हलवत.
त्यांचे तळवे मागाच्या दोरीनं गुळगुळीत झालेले,
माझ्या नखांत ग्रीस.
सरळ उभं राहायला त्यांना वेळ लागला.
तोवर हात सोडता येत नव्हता,
त्यांनाही, मलाही.
मग गाडीच्या टपाला टेकून म्हणाले, गंगव्वाला,
"जातानाबी मी मागंच. सांग त्याला."

जेवणं होईस्तोवर गाडी उन्हात उभी.
भाचा किल्ली घेऊन बसायला गेला तर पोट अडकलं,
"मामा, सीट एवढी पुढं का ओढलीय?"

राहू दे म्हटलं.