चंद्रनाथाचा चढ

पहाटे मी हे वळण झाडलं.
चिऱ्याची खडी, काजूची पानं,
कुणीतरी फोडलेली उर्राकची बाटली.
फेर्मिन वरून फोनवर सांगत होता:
सातजण सुटलेत, केपे मागे पडलं,
चाळीस सेकंद.

मग शिट्टी, मोटरसायकल, आणि पहिला
असा गेला की चेहरा दिसलाच नाही.
कोपरावरून गळलेला घाम तेवढा
माझ्या झाडलेल्या डांबरावर,
तीन थेंब.
वाळलेही लगेच.

टाळ्या वर, भोंगा वर.
माझ्यापाशी नुसती साखळ्यांची करकर
आणि ओल्या लाकडात अडकलेल्या करवतीसारखे
एकेकाचे श्वास.

कमान उतरवायला लागले
तेव्हा एकसष्ट नंबर आला.
पोरगंच. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
टाके घालत.
"यो रे, यो!"
पाठीला हात लावायला धावलो
आणि थांबलो. नियम आहे.

मान न उचलता त्यानं विचारलं,
अजून किती?

सत्तावीस वर्षं गुरं नेली मी इथून.
या वळणापुढे चढ कसा
अंगावर उभा राहतो, मला ठाऊक.

झाडू पाठीमागे धरून
म्हटलं,
पोचलासच.