वीस पिंपं

दार-एस-सलामच्या धक्क्यावर पिंपं मोजून घेतली : वीस.
डिझेल. सही केली म्वाकालिंगा,
साल सहासष्ट, रस्ता अजून व्हायचा होता.
शेजारी बसला कांग्वा, पलीकडच्या देशाचा.
त्याच्या देशाला दोन वर्षंही झाली नव्हती,
माझा चार वर्षांचा,
म्हणून वाटेत थोरला मीच.

त्याच्या देशाला समुद्र नाही.
तेल दक्षिणेकडून यायचं, गोऱ्यांच्या हातून.
ते बंद झालं.
"मग आमच्या बाजूने न्या," असं आमच्याकडे कुणीतरी म्हणालं
आणि त्या कुणीतरीचं बोलणं खरं करायला
निघालो मी.

मिकुमीपर्यंत धूळ. इरिंगानंतर चिखल.
रात्री केबिनमध्ये ट्रान्झिस्टर :
काटा जरा डावीकडे सरकवला की मॉस्को,
जरा उजवीकडे की वॉशिंग्टन.
दोघंही बोलतात अशी शुद्ध स्वाहिली
जी माझ्या आईला उभ्या जन्मात जमली नाही.
दोघांनाही आमची फार काळजी.
मधे नुसती खरखर.
कांग्वा म्हणाला, राहू दे तिथेच,
खरखरीवर झोप बरी लागते.

हत्ती झुंजतात, गवत तुडवलं जातं,
ही म्हण त्या वर्षी जो तो सांगायचा,
मंत्री, पाद्री, पंक्चरवाला.
मला राग यायचा.
मी काय गवत आहे?
गवताला गिअर असतात?

म्बेयाच्या अलीकडे गाडी रुतली, आसापर्यंत.
दोन दिवस आम्ही चाकाशी बोलत बसलो.
तिसऱ्या दिवशी जीप आली. साहेब उतरला.
साखळी आहे म्हणाला, ओढतो,
फक्त दारावर हा कागद चिकटवून एक फोटो.
संध्याकाळी दुसरी जीप.
दुसरा साहेब, दुसरा कागद,
साखळी मात्र अगदी तशीच.
मी म्हटलं, लाव रे कुणाचाही, पिंप गळतंय.
कांग्वाने दोन्ही कागद घेतले,
दोघांचे आभार मानले, टोपी काढून,
आणि दोन्ही मागच्या चाकाखाली सारले.

एक साहेब हसला, साखळी देऊन गेला.
एक तसाच निघून गेला.
कोण हसला ते तेव्हा सांगितलं नाही,
आजही सांगणार नाही.

साखळी तुटलीच शेवटी.
गाडी काढली ती केळीच्या बागांतल्या माणसांनी,
खांदा लावून. पैसे घेतले त्यांनी,
आणि काही कमी घेतले नाहीत.
वर उगाली वाढली.
कांग्वा म्हणाला, ही तर आमची न्शिमा.
एक म्हातारी म्हणाली, नाव काहीही ठेव,
पातेलं घासून दे.

पुढे कधीतरी पुतण्या कॉलेजातून
एक शब्द घेऊन आला : अलिप्त.
पुस्तकात म्हणे आमचं हे नाव होतं.
अलिप्त!
कोपरापर्यंत ग्रीस, मांडीपर्यंत चिखल,
डिझेलचा वास तर असा
की बायकोने आठ दिवस चुलीजवळ येऊ दिलं नाही.
जगात इतकं बरबटलेलं
दुसरं कुणी नसेल तेव्हा.

म्पिकाच्या डेपोत मुसोंडाबाईंनी
हाताने थापट्या मारत पिंपं मोजली.
तेरा.
मी म्हटलं, वीस होती.
तीन गाडीच प्यायली. तीन परतीला लागतील.
एक गळलं.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही,
गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे,
आणि वहीत लिहिलं :
निघाली वीस. पोचली तेरा. तक्रार नाही.
खाली माझी सही, मग त्यांची.
पेन चालेना, म्हणून एकाच पेन्सिलीने.

परतीला शेजारची जागा रिकामी होती.
गाडी हलकी, त्यामुळे खड्डे जास्त लागत होते.
रेडिओ लावला.
काटा कांग्वाने ठेवला होता तिथेच होता.
मी हलवला नाही.