कड्याकडे पाठ

सिमियनच्या कड्यावर
गेलाडा माकडं गवत खुडत बसलेली,
बायका भाजी निवडतात तशी,
तोंडाचा पट्टाही चालूच.

गेतानेह पुढे. प्लास्टिकच्या चपला,
खांद्यावर बंदूक, त्याच्याहून म्हातारी.
‘कधी झाडलीस?’
हसला. माझी पाण्याची बाटली घेतली,
परत द्यायची विसरला.

दरीच्या तोंडाशी सगळे फोटोत दंग.
तो मात्र दरीला पाठ करून
मागच्या माळाकडे बघत उभा.
तिथं काहीच नव्हतं.
‘घर,’ म्हणाला. ‘उद्यान व्हायच्या आधी.’

मग दिसले
तीन काळे दगड,
आणि कुणी न पेरता
उगवलेला मूठभर सातू.

उतरताना त्यानं एक ओंबी चोळली,
फुंकर घातली,
निम्मे दाणे माझ्या तळहातावर ठेवले.
कच्चे होते.
खाल्ले.