अधिक-उणे वीस

अंबडला, बेअरिंगच्या कंपनीत, मी इन्स्पेक्शनला आहे.
गेजचं एक टोक रिंगमध्ये गेलंच पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
गेलं, की रिंग लाल पेटीत.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं : अधिक-उणे वीस मायक्रॉन.
म्हणजे एवढी चूक चालेल,
असं कुणीतरी आधीच ठरवून खाली सही केलेली असते.

रुजूच्या जन्मदाखल्यावर तसलं काही नव्हतं.

ऋजुता. सरळपणा.
नाव मीच शोधलं, आणि ती पोटात आडवी.
पुढे रात्रभर रडायची,
दिवा लावला तरी, घालवला तरी.
लोकर टोचते म्हणून
नाशिकच्या जानेवारीत नुसत्या झबल्यावर.
डॉक्टर कुलथे म्हणाले, काही मुलं असतात अशी.
चौथ्या महिन्यात मी कामावर रुजू झाले.
एक रुजू हजेरीपटावर, एक घरी,
आणि मधे एक वही :
दूध किती वाजता, झोप किती मिनिटं,
रडणं कधीपासून कधीपर्यंत.

मी आधीपासून अशीच, असं मला वाटायचं.
परवा कॉलेज रोडला शालन भेटली.
म्हणाली, अगं, तू दोन वेगळ्या चपला घालून
तोंडी परीक्षेला आली होतीस सामनगावला,
बाहेरून आलेले सर हसले,
त्यांच्यापेक्षा जास्त तू.
मला सर आठवले.
ती मुलगी काही आठवेना.

मी ओरडायचे म्हणून ती हटून बसायची.
ती हटून बसायची म्हणून मी ओरडायचे.
सुरुवात कुणी केली हे विचारावं
तर हेमराज तेव्हा सातपूरला, रात्रपाळीला.

ती पाच वर्षांची असताना पांडवलेणीला गेलो.
प्रत्येक पायरीवर तिला काहीतरी सापडत होतं,
पीस, चंदेरी कागद, मेलेला भुंगा.
वर पोचेपर्यंत ऊन कलंडलं.
माझा श्वास अजून खाली बसला नव्हता
आणि ती शांतपणे म्हणाली,
आई, तू 'चल' सत्तेचाळीस वेळा म्हणालीस.

मोजलं होतं तिनं.
मुठीत भुंगा तसाच.

वर्षातून एकदा आमचे गेज तपासायला बाहेर पाठवतात.
नवा पोरगा विचारतो, मॅडम, हे तर पोलादाचं,
हे कशानं बिघडणार?
मी म्हटलं, मोजून.
रोज हजार रिंगांत जातं-येतं,
प्रत्येक रिंग त्याचं थोडं थोडं घेते.
मग टोक बारीक होतं,
आणि चांगल्या रिंगेलाही ते
लाल पेटी दाखवायला लागतं.
दोष कुणी गेजला देत नाही, पेटी भरत राहते.
एवढं बोलून मी गप्प झाले.
तो म्हणाला, मॅडम, चहा आणू?

आता ती अकरा वर्षांची आहे.
शाळेला निघताना गॅसचं बटण तीनदा बघते.
रिक्षा दोन मिनिटं उशिरा आली की नख खाते.
आणि मी? मला हल्ली काय झालंय कोण जाणे,
भाजी जळते, जळू देते.
डब्यात पोळीला नुसता जाम.
ती कमरेवर हात ठेवून म्हणते,
आई, लक्ष कुठाय तुझं?
आवाज माझा आहे. चढ सुद्धा तिथेच,
'कुठाय'वर.

दारात चपला ती लावते. एका रेषेत,
टाचा भिंतीला टेकवून.
काल झोपायला जाताना मी तिची उजवी चप्पल
अंगठ्यानं जरा सरकवली.
जास्त नाही. बोटभर.

मग अंधारात पडून राहिले.
ती पाणी प्यायला उठली.
माठावरचं झाकण वाजलं, पेला वाजला,
परत येताना पावलं दारापाशी थांबली.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.