डाव्या मडगार्डची आतली बाजू

पैंच्या काजू कारखान्याचा लिलाव झाला
तेव्हा भट्ट्या गेल्या, तराजू गेले, छपराचे पत्रेसुद्धा गेले,
ही राहिली. कुणी बोली लावेना.
टरफलांच्या ढिगामागे, चार चिऱ्यांवर,
दोन माणसांची गाडी. मागे सीटच नाही.
मी हात वर केला तो मानेवरचा मुंगळा झटकायला,
असं घरी सांगितलं.
कुंदा म्हणाली, बाजाराची पिशवी कुठे ठेवायची हिच्यात?

वेंगुर्ल्यात लोखंड म्हणजे उधारी.
खारा वारा रोज वसुलीला येतो,
खिळा असो, बिजागरी असो, थोडं थोडं नेतो.
दाराच्या खालच्या कडेला बोट लावून बघितलं
तर बोट आत गेलं,
चहात विसरलेल्या बटरमध्ये जावं तसं.

चार महिने नुसता घासतोय.
साठ नंबर, मग ऐंशी, मग एकशेवीस, मग पाण्यातला चारशे.
लालाखाली हिरवा, हिरव्याखाली सायीचा रंग,
सायीखाली तांबूस प्रायमर,
आणि मग एकदम उघडा पत्रा,
इतका लख्ख की बघायला संकोच वाटावा.
रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्याला घामोळं येतं.
म्हणून रात्री अकराला मी आणि कुंदा
जुन्या लुगड्याच्या बोळ्याने तेल चोळत बसतो.
पोरांनाही एवढं लावलं नव्हतं, ती म्हणते.

बस्त्याव बंदरावर होड्यांना फायबर लावतो.
म्हणाला, कापड दे, रेझिन दे, उद्या नवी करून देतो.
नको म्हटलं. पत्र्याला पत्राच.
मग बुडव, म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

मग दाजी कासार आले,
ज्यांच्याकडे हल्ली कुणी घागर ठोकायला आणत नाही.
गोणपाटाच्या पिशवीत मी रेव भरून ठेवली होती, किनाऱ्यावरची.
त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले.
"सात पाण्यान धुवन घे. लोणचां घालूचां हा काय?"
सात वेळा धुतली.

आधी लाकडी हातोडा, मग लोखंडी,
मग डोळे मिटून नुसता तळवा फिरवायचे,
तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
"वायच हय," म्हणायचे.
एकच ठोका. पुन्हा तळवा.

डावं मडगार्ड उलटं केलं त्या दिवशी
आतलं डांबर खरवडताना ठोके दिसले. आधीचे.
कुणीतरी कधीतरी इथला पोचा काढला होता.
माशाच्या खवल्यांसारखे, एकावर एक अर्धे चढलेले,
सगळे एकाच अंगाला कललेले.
दाजींनी विडी पेटवली. ती तशीच विझली.
"बापूस डावरो होतो माझो,"
एवढंच.

पैंनी गाडी कशावर आपटली होती
ते सांगायला कुणी उरलं नाही.
मजुरी किती दिली, उधार ठेवली का,
पत्र्यावर त्याची नोंद नाही.

नेमकं तिथेच गंजाने भोक पाडलं होतं, लिंबाएवढं.
रीत अशी की सगळा भाग कापायचा, नवा जोडायचा.
त्यांनी लिंबाएवढाच कापला.
सांध्याचं काम तीन दिवसांनी वाढलं,
आणि तीन दिवसांची मजुरी त्यांनी
पुरी मोजून घेतली.

आता बाहेरून सहा हात रंग झालाय.
दव उडाल्यावर आणि वारा सुटण्याआधी,
सव्वानऊ ते दहा, तेवढाच वेळ मिळतो इथे.
तरी बॉनेटवर एक चिलट कायमचं राहिलंय.
मडगार्डला आतून डांबर नाही लावलं,
पारदर्शक वार्निश मारलं दोन हात.
बस्त्याव विचारतो, ते बघणार कोण, कुर्ल्या?

इंजिन बेळगावला गेलंय, अजून आलं नाही.
गाडी चिऱ्यांवरच आहे.
संध्याकाळी कधी दाजी येतात,
रंगाकडे बघतही नाहीत.
उकिडवे बसून हात कोपरापर्यंत आत सारतात,
अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली घालावा तसा, हळू,
डावा हात.
मग काढतात, धोतराला पुसतात,
आणि कुंदाला म्हणतात, चाय ठेव गो.