पेला हलव

सूरमध्ये आम्हा सहा शिक्षकांना
उम्म राशिदच्या घरी उतरवलं.
गालिच्यावर मांडी घालताना
कदमसरांचा गुडघा वाजला,
आणि सगळं घर हसलं,
दुभाष्याची वाट न पाहता.

आधी धूप आला.
माझ्या पदराखाली तिने धुपाटणं धरलं,
बाळंतिणीला शेक द्यावा तसं.
मग खजूर, मग कहवा,
पिवळसर, वेलदोड्याचा, तळाशी घोटभर.
संपला की पुन्हा.
मी पेल्यावर हात आडवा धरला,
आपण ताटावर धरतो तसा.
तिने तो अलगद बाजूला केला
आणि ओतलं.
सहावा. सातवा.

तेवढ्यात थाळा टेकवता टेकवता
कुणी पुटपुटलं,
"बाय, पेला हलव. नायतर ओतीतच ऱ्हातील."

शरफुद्दीन परकार, बाणकोट.
एकोणीस वर्षं याच घराच्या चुलीपाशी.

मी सरकून जागा केली.
उम्म राशिदनेही गालिचा थोपटला.
त्याने थाळ्याची कड पुसली,
"तुमी पावणे," म्हणाला,
आणि पुढचं वाक्य
आत घेऊन गेला.

भातावर अख्खा सुरमई,
वाळलेल्या काळ्या लिंबाचा आंबटपणा,
आणि माझ्या बाजूच्या घासात
दोन आमसुलं,
कुणाला न विचारता घातलेली.

बाहेर खाडीत गलबतं ओहोटीला कललेली.
उम्म राशिद खुणेने विचारत होती, आवडलं?
मी आमसूल जिभेवर धरून होते.

पेला हलवायचा राहिला.
तिने पुन्हा ओतलं.